टाकी

बोअरच्या गाडीवर मी फूट लिहितो.
दहा फूट काळी माती, मग मुरूम, मग पत्थर.
साठावर लाल धूळ उडते, विटेच्या चुऱ्यासारखी,
शेतमालक घाबरतो, पाणी गेलं का म्हणून.
मी लिहितो: लाल, पाच फूट.
मग पुन्हा काळा.
वहीत आजवर दोनशे अकरा भोकं आहेत.

पार्डीच्या नाल्यात सहा कोनांचे दगडी खांब मोजायला
सोमकुवर बाई आल्या होत्या, सर्व्हेच्या.
त्यांनी माझी वही उन्हात उभ्यानंच वाचली.
म्हणाल्या, ही लाल रेघ म्हणजे आगीची सुट्टी.
तेवढ्या काळात पत्थर कुजला, माती झाला,
मग पुढची लाट येऊन तिला भाजून गेली.
साडेसहा कोटी वर्षं झाली.

मी विचारलं, मग ती आग गेली कुठे?
बाई हसल्या.
आहे तिथेच आहे, म्हणाल्या. आपण निघून आलो.

घरी माय जात्याला टाकी लावत होती.
जातं आता हळदीपुरतंच लागतं,
म्हणून लग्नसराईत चार कामं येतात.
डाव्या मुठीत टाकी, उजव्या हातात हातोडी,
मूठ जागची हलत नाही.
गुडघ्यानं ती तळी ढकलते, बोटभर. टक्.
पुन्हा बोटभर. टक्.
मागे खड्ड्यांची ओळ पडत जाते,
पहिल्या खड्ड्यात तोवर धूळ बसलेली.

मी म्हटलं, माय, थांब. असंच आहे ते.
खाली आगीची मूठ, वर आपली तळी.
पहिला घाव आपल्यावर, सगळ्यात मोठा,
वणीपासून पार कोकणापर्यंत मुलूख काळा झाला.
तळी उत्तरेला सरकली, पुढचे घाव समुद्रात पडले:
लक्षद्वीप, मालदीव, चागोस.
मग तळीची भेगच त्या मुठीवरून गेली,
तिथून पुढचे घाव शेजारच्या तळीवर,
मॉरिशस, आणि आता रियुनियन,
जिथे अजून धूर निघतो.

बाईंनी मोबाइलवर दाखवलं होतं
पाण्याखाली पत्थर कसा जन्मतो ते.
भेगेतून लाल जीभ निघते,
पाणी तिला तिथल्या तिथे काळं कातडं चढवतं,
ती आतून फुगते, फुटते, शेजारी दुसरी,
उशांचा ढीग, ढिगावर ढीग,
एक दिवस डोंगराचं डोकं पाण्याबाहेर.
तोवर तळी सरकलेली असते.
खालचा विस्तव सुटला की डोंगर थंड होत जातो, खचतो,
बुडत्या डोक्याभोवती पोवळी घर बांधत राहतात,
तो खाली, ती वर.
मालदीवला म्हणून डोंगर नाही,
नुसतं कडं उरलंय.

मायनं सगळं ऐकलं. मग विचारलं,
"किती सरकते रे?"
हिशोब केला.
तू जन्मलीस तेव्हापासून सात-आठ हात.

हातोडी हवेतच राहिली.
"आन् तो उकंडराव झिबलाजीसंगं
हातभर धुऱ्यासाठी बावीस वर्सं कोर्टात जाऊन रायला!
सांग न त्याले, धुरा गेला म्हना."
दोघांचाही सोबतच गेला, माय. कोर्टही गेलं.
ती एवढी हसली की डोळ्यांत दगडाची धूळ गेली,
पदरानं पुसत बसली बराच वेळ.

मग बोट तळीवर फिरवलं,
टाकीच्या खड्ड्यांवरून, आणि त्यांच्यामधल्या
बारीक बारीक छिद्रांवरून, जी तिनं पाडलेली नाहीत.
वाफ अडकून राहिलेली असते तिथे,
असं मला बाईंनी सांगितलं होतं.
मायला ती छिद्रं लहानपणापासून ठाऊक.
असा पत्थर पीठ चांगलं काढतो, पण लवकर झिजतो.

"तिथं नवा पत्थर निंगते म्हनतं अजून?"
हो.
"कवळा असन," ती म्हणाली.
"टाकी बसाची नाई त्याच्यात."

आणि गुडघ्यानं तळी बोटभर ढकलली.